स्कार्फचं दुसरं टोक

दि. १४, गुरुवार

चि. धाकट्यास,
दादाचा आशीर्वाद.

आम्ही तिघं ठीक. तुमचंही बरं चाललं असेल असं धरून चालतो, कारण तू काही कळवत नाहीस. अक्षर बघून घाबरू नकोस, मीच लिहितोय. तुझी वहिनी म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं, भावाला पत्र लिहायला मला कारकून लागत नाही. आता दोन ओळींतच हात भरून आलाय.

रविवारी सकाळी तुझ्याकडे एक काम आहे. नाही म्हणायच्या आधी सगळं वाच.

आमचा टिल्लू स्काउटात जायला लागला. शाळेमागच्या मैदानावर पथक भरतं आणि घरच्यांनाही बोलावतात. पोरं गाठी शिकतात, तंबू उभारतात, आणि खुंट्या ठोकताना बापमंडळी एकमेकांना अक्कल शिकवतात, असं वहिनी येऊन सांगायची. मी जात नव्हतो. हल्ली मी कुठेच जात नाही. केस कापायलासुद्धा न्हाव्याला घरी बोलावतो, तर तोही माझ्याशी इतकं जपून बोलतो की चिडचिड होते.

टिल्लू मात्र हात धुऊन मागे लागला. "बाबा, एकदा या ना. तुम्हाला एक गंमत दाखवायची आहे."

"इथेच सांग की."

"इथे नाही दाखवता येत."

शेवटी गेलो. शर्टाची रिकामी उजवी बाही खिशात खोचली आणि गेलो.

पथकाचे मास्तर म्हणजे आपला चौकातला औषधवाला. गणवेशात आधी ओळखूच आला नाही. पोरांच्या रांगेसमोरून तो सरळ माझ्याकडे आला आणि त्याने डावा हात पुढे केला. स्वतःचा उजवा धडधाकट असताना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "कीव करायची तर घरी बसून करा. माझ्यापुढे हे नाटक नको." सगळे आईबाप वळून बघायला लागले. टिल्लूने रांगेत मान खाली घातली ती वर केलीच नाही.

परत येताना तो एवढंच म्हणाला, "बाबा, तिथे सगळेच एकमेकांना डावा हात देतात. नियमच आहे. तीच गंमत होती."

धाकट्या, मला रस्त्यातच बसावंसं वाटलं. पोराला अख्ख्या जगात एक जागा सापडली, जिथे लोक त्याच्या बापासारखा हात मिळवतात. आणि बापाने तिथे जाऊन तमाशा केला.

तेव्हापासून तो पथकात गेलेला नाही. वहिनीने इस्त्री केलेला गणवेश खुर्चीवर तसाच पडून आहे. विचारलं की म्हणतो, पोट दुखतंय. या रविवारी नव्या मुलांचा वचन घ्यायचा दिवस आहे. तो चुकला तर वर्षभर थांबावं लागेल, आणि टिल्लू थांबणार नाही, सोडून देईल. माझाच मुलगा आहे.

काल औषधाच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाहेर उभा राहिलो, मग डावा हात पुढे केला. मास्तरांनी धरला. चिडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "रविवारी त्याला घेऊन या. वचनाच्या दिवशी घरची दोन माणसं स्कार्फची दोन टोकं धरतात, दोघं मिळून त्याची गुंडाळी करतात आणि मुलाच्या गळ्यात घालतात. तुमचं कोण धरणार, हे मी टिल्लूला मागेच विचारलं होतं. म्हणाला, बाबा आणि काका."

मी म्हटलं, त्याची आई धरेल. "तेही मी सुचवलं," मास्तर म्हणाले. "म्हणतो, आई बघायला येईल."

टिल्लूने तुला शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास आणि तो तुझा शर्ट ओढत होता. मग तू कारखाना सोडलास, घरही बदललंस. हा पत्ता तुझ्या बायकोने वहिनीला गुपचूप दिला, तिच्यावर रागावू नकोस.

आपण दोघांनी त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, म्हणून आज काढतो. अडकलेला पत्रा काढायला मी प्रेस मशीनमध्ये हात घातला होता आणि पायडल तू दाबलंस. मुद्दाम नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. तरी राग आहे. गेला असं लिहिलं तर तुला यायला सोपं जाईल, पण माझं खोटं तुला लहानपणापासून कळतं. रोज सकाळी शर्टाची बटणं लावताना तुझी आठवण येते, आणि ती चांगली नसते.

काल एका चादरीवर गुंडाळी करून पाहिली. एक टोक दातात धरलं. नाही जमत, मधेच सुटते. वहिनी मदतीला आली तर तिच्यावर खेकसलो.

टिल्लूला तू येशील असं सांगितलेलं नाही. त्याला पुन्हा तोंडघशी पाडायची हिंमत माझ्यात नाही. रविवारी सकाळी मी मैदानाच्या फाटकाशी उभा असेन. माफी मागू नकोस. मागितलीस तर काय बोलायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. फक्त एक टोक धर, दुसरं मी धरतो.

समोर आल्यावर काय करावं सुचलं नाही, तर डावा हात पुढे कर. तिथे तसाच नियम आहे.

अजून रागावलेला, तरी वाट बघणारा,
तुझा दादा