प्लेट भरू दे

१९ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. हे शाळेत शिकवून येतात, दोन घास खातात आणि अंथरुणाला पाठ टेकतात. आईचे गुडघे कसे आहेत? तिला जिना चढू देऊ नकोस.

तुझा संमतीचा फॉर्म मिळाला. सोबतची चिठ्ठीही. “मुलांच्या मेंदूच्या मलेरियाची रक्तातली खूण शोधताना ठकीचा नमुना सर्वांत बोलका ठरला.” पाच वर्षांची पोर जिवंत होती तेव्हा तुझं डोकं उठवायची. आता बोलकी झाली!

तुझ्या प्रयोगशाळेत सात वर्षं मी रक्ताच्या स्लाइडी बघितल्या. ठकी तापाने फणफणली त्या सकाळी तिचीही बघितली, तर जंतू मोजकेच. पण पोर ग्लानीत होती, हाक मारली तर उशिरा वळत होती. तूच शिकवलं होतंस, की स्लाइडवर दिसतात ते थोडेच; बाकीचे मेंदूतल्या बारीक नसांना चिकटून बसतात. त्यांनी रक्तात सोडलेलं प्रथिन मोजलं, तरच खरी संख्या कळते. म्हणून तुला फोन केला.

“दादा, एकटीचंच प्रथिन बघू का?”

“एका नमुन्यासाठी किट फोडायचं? एका प्लेटला चाळीस नमुने लागतात, ठकी धरून एकोणतीस झालेत. प्लेट भरू दे.”

“अरे, भाची आहे तुझी!”

“म्हणूनच सांगतोय. स्लाइड जवळजवळ साफ आहे. गोळ्या दे आणि घरी ने. आई झालीस की तुझ्यातली तंत्रज्ञ पळून जाते बघ.”

म्हणजे आणखी अकरा पोरं आजारी पडेपर्यंत माझ्या पोरीने थांबायचं. ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी झटके सुरू झाले आणि मोठ्या दवाखान्याच्या दारात ती गेली.

प्लेट सव्वा महिन्याने भरली. मीच चालवली. चाळिसांत ठकीचं प्रथिन सगळ्यात जास्त निघालं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. किट कपाटात होतं आणि किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात. संध्याकाळच्या आत आकडा हाती आला असता, इंजेक्शनं सुरू झाली असती. मी तुझं ऐकलं. लहानपणापासून ऐकत आले, तसंच. ते पाप माझं, ते मी कुणाच्या गळ्यात बांधणार नाही. पण तुझंही तुला पचू देणार नाही.

आईला तू सांगितलंस, माणसाच्या हातात होतं ते सगळं केलं. ती चारचौघांत तुझे गोडवे गाते आणि मला विचारते, पोरीला डासांत कशाला खेळू दिलंस? तू समोर बसून ते ऐकलंस आणि चहा प्यायलास. त्या दिवसापासून माझा तुझ्यावर दात आहे.

फॉर्मवर सही केली आहे. लोकांची पोरं वाचत असतील तर वापर तिचं रक्त.

हे पाकीट मात्र आईच्या नावाने टाकलंय. तिला आता अक्षर दिसत नाही, तेव्हा ती ते तुझ्याच हातात देईल आणि म्हणेल, वाच रे. वाच, मोठ्याने. रविवारी मी येतेय, तिला ओळ न ओळ विचारीन.

आई, वाचताना दादा अडखळला तर त्याला पाणी देऊ नकोस. आधी पुरतं वाचू दे.

तुझी लेक