संपादकांनी वाचलेला मजकूर

८ सप्टेंबर, सोमवार
गणपती गेले, संपादकपद आलं. बंगळुराच्या मराठी मंडळाच्या कालच्या सभेला बेळ्ळंदूरपासून हेब्बाळपर्यंतचे झाडून सगळे सभासद होते. मी एवढंच म्हणालो, की मंडळाचा दिवाळी अंक आता डिजिटल पद्धतीने निघायला हवा, आणि बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस मंडळात असताना... पुढचं टाळ्यांत बुडालं. इतकी वर्षं सुधींद्र अण्णा अंक काढत होते. त्यांनी हसत हसत सूत्रं माझ्या हाती दिली. हसत का दिली, हे तपासलं पाहिजे.
संकल्प : रोज एक लेख वाचायचा. दसऱ्याला अंक प्रेसमध्ये.

१० सप्टेंबर
अण्णांचा पहिला मेल. आलेले लेख ते गोळा करून पाठवणार, मी निवडणार. सोबत दोन फायली. एक लेखांची. दुसरीचं नाव विचित्र, क्लिक केलं की नुसतं इन्स्टॉल करू का विचारते. अशी फाइल अनोळखी माणसाने पाठवली तर व्हायरस असू शकतो. पद गेलेल्या माणसाने पाठवली तर असतोच. डिलीट केली. ऑफिसच्या सिक्युरिटी टीमलाही कळवून ठेवलं.

११ सप्टेंबर, सकाळी
लेखांची फाइल उघडली. शीर्षकाच्या जागी : {Xdmir A§H$. खाली पानंच्या पानं हेच. महिरपी कंस, डॉलर, मध्येच एखादा R. हा कोड आहे. कोड मी बघताक्षणी ओळखतो. कुठल्या लँग्वेजमधला, तेवढंच कळत नाहीये.

त्याच दिवशी, दुपारी
एन्कोडिंग बदलून पाहिलं. रशियन, कोरियन, व्हिएतनामी. व्हिएतनामीत जरा बरं दिसलं.
नीलिमाचं म्हणणं, अण्णांना सरळ फोन कर. ते जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करतात, चामराजपेटच्या त्यांच्या प्रेसला तोच लागतो, फॉन्ट टाकला की सगळं दिसेल. बायको एचआरमध्ये असली की तिला टेक्निकल गोष्टी फार सोप्या वाटतात. शिवाय ती मंडळाच्या समितीवर आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत मत असतं.

१५ सप्टेंबर
आज डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा सापळा आहे. मी फोन करून म्हणणार, मला वाचता येत नाही. आणि पुढच्या रविवारपर्यंत अख्ख्या मंडळात बातमी, की नव्या संपादकांना मराठी वाचता येत नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला! आणि हे कोण सांगणार, तर ज्यांचं घराणं साडेतीनशे वर्षं बंगळुरात आहे आणि जे घरात भाताला अन्ना म्हणतात.
फोन करणार नाही. उलट सगळं वाचलंय असंच दाखवायचं. तेच गोंधळतील.
अण्णांना उत्तर पाठवलं : मजकूर वाचला. दर्जा उत्तम. काही ठिकाणी लांबलाय.
लांबलाय हे खरंच आहे. स्क्रोल करताना कळतं.

१६ सप्टेंबर
अण्णांचा फोन. नेमकं कुठे लांबलाय, असं विचारत होते. मी म्हणालो, मध्यावर. म्हणाले, सरी, स्वल्प कमी करतो. सरी म्हणजे कानडीत ठीक. हादरलेत.

१८ सप्टेंबर
सिक्युरिटी टीमचं उत्तर. फाइल निरुपद्रवी आहे, मराठी फॉन्ट आहे, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर मासिकांची कामं करू नयेत. उत्तर लिहिणाऱ्याचं आडनाव अण्णांचंच. योगायोगांवर माझा विश्वास नाही.
समजा, फॉन्टच होता. तरी डिलीट केलेली वस्तू पुन्हा मागायची म्हणजे शरण गेल्यासारखं होतं.
आजपासून वाचन सुरू करायचं होतं. तूर्त स्थगित.

२२ सप्टेंबर
सोयराबाईंचा लेख आला. मंडळातल्या सर्वांत थोरल्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात. कार्यक्रमात माइक हाती आला की हशा पिकवतात. फाइल त्याच कोडमध्ये, म्हणजे अण्णांनी त्यांनाही फितवलंय. पण मी नुसत्या आकारावरून ओळखलं. आखूड ओळी, छोटे परिच्छेद. विनोदी लेखाची ठेवण अशीच असते.
लगेच उत्तर दिलं : अक्का, हसून हसून पुरेवाट झाली. दर वर्षी असंच काहीतरी होऊ द्या.

२३ सप्टेंबर
अक्कांचा लेख त्यांचे यजमान गेले, त्यावर आहे.
हे मला नीलिमाने सांगितलं. तिला कसं कळलं? तिने वाचला. तिच्या लॅपटॉपवर कसा उघडला? फॉन्ट आहे. फॉन्ट कुणी दिला? अण्णांनी, मागितल्याबरोबर. म्हणजे कारस्थान माझ्या डायनिंग टेबलापर्यंत आलेलं आहे.
ते नंतर बघू. अक्कांना फोन लावला. काय बोललो आठवत नाही, सर्व्हर, मेल, भलत्याचं उत्तर भलत्याला, असं काहीतरी. अक्का धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाल्या, असू दे रे तम्मा, ते पण माणसाला हसवायचेच. आणि फोन ठेवला. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. फार लाज वाटली.
संध्याकाळी शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं, की त्यांच्याच बोलण्याप्रमाणे माझा अभिप्राय तसा अगदीच चुकीचा नव्हता.
नीलिमाने बाकीचे लेख वाचून दाखवायची तयारी दाखवली. नको म्हणालो. संपादक मी आहे.

२९ सप्टेंबर
अण्णांचा मेल, यावेळी सगळ्या समितीला. वर इंग्रजीत दोन ओळी : रविवारच्या बैठकीआधी सोबतचं पान वाचून मत कळवावं, विशेषतः उल्हासरावांनी. फाइल उघडली. एकच पान, सगळा कोड.
विशेषतः मी. का? मी अडखळतो का, ते सगळ्यांसमोर बघायचंय. बरं.
पाच मिनिटांच्या आत सगळ्यांना उत्तर : शब्दन्शब्द पटला. एक अक्षरही बदलू नये. ताबडतोब अमलात आणावं.
'छापावं' लिहिणार होतो. 'अमलात आणावं' जास्त वजनदार वाटलं.
नीलिमा ऑफिसमधून आली ती थेट समोर बसली. ते पान खरंच वाचलंस का, म्हणाली. म्हटलं, दोनदा. ती म्हणाली, तू एवढ्या मोठ्या मनाचा असशील असं वाटलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे ती पहिल्यांदाच म्हणाली.

१ ऑक्टोबर
वातावरण बदललंय. अध्यक्ष यशोवर्धन यांचा हेब्बाळहून फोन. तुमच्यासारखी माणसं मंडळाला लाभली हे भाग्य, वगैरे. रविवारी लवकर या म्हणाले, छोटासा सत्कार आहे. मी विचारलं, कशाबद्दल? ते हसले आणि म्हणाले, आता विनय पुरे.
यशोवर्धनांची मुदत डिसेंबरात संपतेय. मी काही बोलत नाही. पण मला दिसतंय.

२ ऑक्टोबर, दसरा
अंक प्रेसमध्ये गेला नाही. मोठ्या जबाबदाऱ्या समोर असताना एवढं मागेपुढे होणारच. स्वीकृतीचं भाषण तयार केलं. नवा कुर्ता घेतला. भाषणात अण्णांना क्षमा करणारा एक परिच्छेद ठेवलाय.

५ ऑक्टोबर, रविवार
शाल मिळाली. श्रीफळही.
मग अण्णांनी ते पान वाचून दाखवलं. अंकाला उशीर होतोय, उल्हासरावांना ऑफिसच्या व्यापात लेख वाचायला सवड मिळत नसावी, त्यात त्यांचा काही दोष नाही. तरी यंदाच्या अंकाचं संपादन नीलिमाताईंकडे द्यावं. त्यांनी सगळे लेख वाचलेले आहेत. त्यानंतर अण्णांनी माझं उत्तर वाचलं. एक अक्षरही बदलू नये, इथे टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या ओळीत बसलेल्या अक्कांनी तर डोळे पुसले.
दोनच मार्ग होते. एक, मी ते वाचलंच नव्हतं असं सांगायचं. मी उठलो आणि म्हणालो, की ही सूचना मुळात माझ्याच मनात होती. भाषण खिशातच राहिलं.
परत येताना सिल्क बोर्डच्या सिग्नलला गाडी अडकली. शाल मांडीवर होती, गरम होत होतं. नीलिमा म्हणाली, अंकासाठी तूही काहीतरी लिहून दे. मला आतून खूप वाईट वाटत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी जरा ताठ्यातच विचारलं, की संपादक झालीयस, पण नीट वाचून अभिप्राय देशील ना? तिने पुढच्या बसवरची नजरही हलवली नाही. म्हणाली, मी वाचल्याशिवाय उत्तर देत नाही.
म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून, ते विचारायचं धाडस झालं नाही.