पोटॅशियमचा एकोणिसावा

भवानीपूर, कलकत्ता
मार्गशीर्षातला गुरुवार, १९७२

आज आणलं: पूजेचे दोन नारळ, सव्वादोन रुपयांना; सुधासाठी रसायनाचं जुनं पुस्तक, साडेतीन रुपयांना. हे दौऱ्यावर, घरात आम्ही मायलेकीच. म्हटलं, पुस्तक इंग्रजी असलं तरी मी मॅट्रिक आहे, समजेल तेवढं शिकवीन.

वाटाणे म्हणजे इलेक्ट्रॉन असं धरून ताटात त्यांची एकाबाहेर एक गोल कडी मांडली. पहिल्यात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरापर्यंत मावतात. सगळ्यांत बाहेरच्या कड्यात येतील तेवढे त्या मूलद्रव्याचे संयुजा इलेक्ट्रॉन. सोडियमचे अकरा मांडले, बाहेर एक आला. बरोबर! मग पोटॅशियमचे एकोणीस घेतले आणि तिसऱ्या कड्यात नऊ ठेवले.

"धत् आई, नऊ नाही, आठच! शेवटचा चौथ्यात. संयुजा एक."

"अगं, तिसऱ्यात जागा आहे ना? मग तो बाहेर एकटा कशाला बसेल?"

"मला नाही ठाऊक. काकीमांना विचारते," म्हणाली आणि खालच्या बंगाली शेजारणीकडे पळाली. अजून दोघींचं हसणं वर ऐकू येतंय. आरती मी एकटीनेच केली. मग तो एकोणिसावा वाटाणा उचलून चौथ्या कड्यात ठेवला. पुन्हा तिसऱ्यात. जागा तर दिसतेय.

पुस्तकातही पोटॅशियमची संयुजा एकच दिलीय. माझं चुकलं, कबूल. पण का? सुधाला ते सांगता आलं, तर बसेल पुन्हा माझ्याजवळ. दादा पुण्याला शाळेत रसायन शिकवतो. सकाळी त्यालाच कार्ड टाकते: आत जागा असूनही तो बाहेर का जातो, एवढं उलट टपाली कळव.