घसा बंद, प्रार्थना चालू

मंगळवार, ३

बोलायचं नाही. एक शब्दही नाही! घशातली गाठ काढली, साधीच निघाली, देवाची कृपा. पण पुढच्या तपासणीपर्यंत तोंडाला कुलूप. "हाक मारायची नाही, खाकरायचं नाही, फोनवर नुसतं हं-हं सुद्धा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. हे शेजारी बसून मान डोलवत होते. जरा जास्तच खुशीत!

आवाज परत येईल का, पाटीवर लिहून विचारलं. "बघू." आणि गाणं? "आधी बोलणं तर येऊ दे." चर्चमध्ये गीत मीच उचलते, लग्नाआधीपासून. ते "बघू" काही डोक्यातून जात नाही.

बुधवार, ४

पाटीवर भांडता येत नाही. अर्धं वाक्य लिहीपर्यंत हे खोलीबाहेर!

रविवार, ८

उपासनेला गेले. गायकांच्या बाकावर नाही, मागे बसले. मास्तरीणबाईंनी गीत उचललं, केवढ्या वरच्या पट्टीत! दुसऱ्या कडव्यालाच सगळ्यांची दमछाक. मला बरं वाटलं. मग लाज वाटली. मग पुन्हा थोडं बरं वाटलं.

पाळकसाहेब दारात भेटले. "धीर धरा बाई, प्रभूवर सोपवा. थांबणाऱ्याला तो बळ देतो." पाळकसाहेबांना सांगायला काय जातंय! त्यांचा घसा ठणठणीत.

पहाटेची प्रार्थना मात्र चुकवलेली नाही. बाथरूममध्ये नळ सोडून, ओठांतल्या ओठांत. मागणं एकच — माझा आवाज मला परत दे. डॉक्टरीणबाई बोलू नका म्हणाल्यात, प्रार्थना करू नका कुठे म्हणाल्यात?

गुरुवार, १२

तपासणी. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या. "सूज वाढलीय. बोललात?" मी जोरात नकारार्थी मान हलवली. "कुजबुजलात?"

काय लिहू? लिहिलं — फक्त देवाशी.

चष्मा काढून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्याच्याशीसुद्धा नाही. कुजबुजताना घशाला बोलण्यापेक्षाही जास्त ताण पडू शकतो."

म्हणजे आवाज मागता मागता मीच त्याची वाट लावत होते! घरी आल्यावर मनसोक्त रडले, तेही बिनआवाजाचं. तू तर रोज ऐकत होतास ना, देवा? मग थांबवायचंस की मला!

शुक्रवार, १३

प्रार्थना केली नाही. रागावलेय.

बुधवार, १८

राग दोन-तीन दिवस टिकला. मग जायला दुसरं दार कुठे आहे? आता ओठ घट्ट मिटून बसते. सुरुवातीला डोक्यात नुसती यादी. थोरल्या लेकीचं बाळंतपण नीट होऊ दे, यांची कंबर, माझा घसा. माझी प्रार्थना म्हणजे दुकानदाराला केलेला फोन — हे पाठव, ते पाठव, आणि जरा लवकर!

आज यादी मध्येच थांबली. पुढचं काही सुचेना. उठावंसंही वाटेना. नळ बंद होता, खाली कोणीतरी सायकल काढत होतं. तो जवळ आहे असं वाटलं. काही मागितलं नाही. चहा उशिरा झाला.

रविवार, २२

जेवणाआधीची प्रार्थना अखेर यांच्या गळ्यात पडली. लग्न झाल्यापासून यांचं काम फक्त "आमेन" म्हणायचं. यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, कारखान्याच्या गोंगाटात बोलायची सवयच गेलेली.

"देवा... जेवण हिनं केलंय. चांगलं दिसतंय." मग थांबले. इतके थांबले की मी शब्द पुरवायला पाटीकडे हात नेला. तर म्हणाले, "हिच्या आवाजाचं... तुला माहीतच आहे. आम्ही थांबतो. आमेन."

भाजी निवून गेली. यांच्या ताटात जास्तीची पोळी वाढली. भीती अजून आहे. पण हल्ली सकाळी डोळे उघडल्याबरोबर छातीवर येऊन बसत नाही.

गुरुवार, २६

"म्हणा काहीतरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रभू" म्हटलं. जाडाभरडा, फाटका आवाज. माझाच! हा एवढाच राहणार. बोलता येईल, गाणं नाही — त्यांनी स्पष्टच सांगितलं. वाटलं, आता मी कोसळणार. नाही कोसळले. उठले, त्यांचे आभार मानले, पर्स घेतली. इतके दिवस आवाज मागत होते. हे बळ तर मागितलंही नव्हतं.

बाहेर बाकावर हे डोकं धरून बसलेले. दार अर्धवट उघडं होतं, सगळं ऐकलं होतं यांनी. डोळे भरलेले. मी खांद्यावर हात ठेवला.

"चला, घरी जाऊ."

यांनी वर पाहिलं. "पुन्हा म्हण," म्हणाले.