टुओहीच्या घरच्या कपबशा

ती. आईस,

लिमरिकहून दर्व्हलाचा नमस्कार. पुन्हा नगरसेवक झाले गं! खोकलाही कमी आहे.

दारोदार लोक म्हणायचे, ‘पहिली पसंती दुसऱ्याला, दुसरी तुला.’ समोरचा उमेदवार टुओही हसायचा, ‘मयतांना जात नाहीस, मतं कुठून मिळणार?’ मतांसाठी मयताला मी जाणार नाही म्हणजे नाही.

ऐन प्रचारात त्याची आई गेली. मी मागच्या दारानं त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले, कपबशा विसळल्या आणि गुपचूप निघाले.

मोजणीत कमी मतं पडून टुओही बाद झाला. त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली, ती माझी निघाली आणि त्या मतांवर मी निवडून आले. तो म्हणाला, ‘कपबशा कुणी विसळल्या ते माझ्या बहिणींनी पाहिलं आणि गल्लीभर सांगितलंय. आता आपल्या गल्लीतल्या घरांची ओल घालव, नाहीतर बघ!’

बाबांचा गुडघा कसा आहे? ओल मी घालवणारच, आई. हा खोकलाही त्या ओलीचाच आहे.

तुझी हट्टी,
दर्व्हला