चांदणीचा पाय

मरोळ, अंधेरी (पूर्व)
ता. १२ जानेवारी १९८६

तीर्थरूप अण्णांस,
वनमालेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही पत्र बाजूला ठेवाल, म्हणून आधीच लिहिते की स्वतःसाठी काही मागत नाही. माझ्या कोंबडीचा पाय मोडलाय.

चांदणी तिचं नाव. काळी, अंगभर पांढरे ठिपके. काल दुपारी मागच्या झुडपातून मुंगूस आलं आणि तिचा पाय धरून ओढायला लागलं. मी कपडे धुण्याचं धोपटणं फेकलं तेव्हा सुटली. डावा पाय नळीपाशी मोडून लोंबतोय, पाठीवर दातांची जखम आहे. शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या की मरायच्या आत कापून टाक, नाहीतर फुकट जाईल. मी हो म्हटलं, विळीसुद्धा पुढ्यात ओढली. पण तिने माझ्याकडे बघत डोळे मिटले. कोंबडीची पापणी खालून वर येते, हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. जशी हळूहळू भरती चढावी तशी. विळी परत ठेवून दिली.

वाकोल्याला आपल्या घरामागे हातगाडीखाली सापडलेल्या कोंबडीचा पाय तुम्ही बांधला होता. मी नऊ वर्षांची होते. मला फक्त तिला उचलून पट्टी बघणारे तुमचे हात आठवतात. कशाने बांधला होता, तेवढं कळवा. सध्या कुल्फीच्या काड्या लावून चिंधी गुंडाळली आहे.

आईला नमस्कार. पत्र आवडलं नाही तरी तिला तेवढा सांगा.

तुमची,
वनमाला


आंबेवाडी, ता. मालवण
ता. १५ जानेवारी १९८६

चि. वनमाला हिस आशीर्वाद.

पत्र आज पोचलं. हे तुला मिळेपर्यंत कोंबडी जिवंत असली तर पुढचं वाच.

कुल्फीच्या काड्या काढून टाक. बांबूच्या दोन पातळ कामट्या घे, बोटाएवढ्या लांब. आधी मीठ घातलेल्या कोमट पाण्याने जखम धू, मग खोबरेलात हळद कालवून लाव. पायाला कापूस गुंडाळून दोन्ही बाजूंनी कामट्या ठेव आणि जुन्या धोतराच्या पट्टीने बांध. करकचून बांधू नकोस. रोज सकाळी तिची बोटं हातात धरून बघ. गरम असली तर ठीक. थंड लागली तर लगेच सैल कर.

बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी ठेव, रक्त दिसलं की टोचतात. कणी भिजवून दे. तुझी आई म्हणते पेज दे.

हे काम एकट्याने होत नाही. एकाने धरायचं, एकाने बांधायचं. धरणारा उतावळा असेल तर पाय वाकडा बसतो.

मजकूर एवढाच.

अण्णा


मरोळ
ता. २१ जानेवारी १९८६

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

चांदणी जिवंत आहे. पत्र शनिवारी मिळालं आणि रविवारी आम्ही पाय बांधला. आम्ही म्हणजे मी आणि हे. धरायला दुसरं कोण असणार?

हे वर्कशॉपात टर्नर आहेत, हातातलं काम मापात लागतं. कामट्यांच्या कडा कातडीला लागतील म्हणून त्यांनी कानस घेऊन त्या घासल्या, स्वतःच्या गालावरून फिरवून बघितल्या. तुमचं पत्र समोर ठेवून ओळ न् ओळ वाचली. मग चांदणीला मांडीवर घेऊन बसले.

बांधून झालं तरी ती उठेना. तिथेच झोपली. हेही हलले नाहीत. मागच्या दारात ऊन आलं होतं, कारखान्यांना सुट्टी म्हणून कुठे खटखट नाही. एक पीस हवेत तरंगत होतं, खाली यायचं नावच घेत नव्हतं. कमल माझ्या कुशीत झोपली होती. ती दीड वर्षाची झाली, तुम्हांला माहीत नसेल. त्या सगळ्यांचे श्वास ऐकता ऐकता मला वाटलं, आपण वाकोल्याच्याच घरात आहोत, आई आत भाकऱ्या थापतेय आणि मधली वर्षं कुणाची तरी दुसऱ्याची होती. जागी होते की नाही, सांगता येत नाही. ह्यांच्या पायाला मुंग्या आल्या तेव्हा कुठे सगळे उठलो.

बोटं गरम आहेत. रोज बघते.

तुम्ही माझ्या नावामागे सौ. लिहिलं नाहीत. मी दोनदा वाचलं. तक्रार नाही, फक्त दिसलं.

लोभ आहेच असं धरून चालते.

वनमाला


आंबेवाडी
ता. २६ जानेवारी १९८६

चि. सौ. वनमाला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईने पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. कमलचं वाक्य आलं की थांब म्हणते, पुन्हा वाच म्हणते. आम्हांला कमळ म्हणजे तळ्यातलं माहीत, घरातलं आत्ता कळलं.

त्याने कोंबडी कशी धरली होती? पंख दाबून की नुसती खाली हात देऊन? हे मुद्दाम विचारतो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. वाकोल्याची ती कोंबडी जगली नव्हती. तुझी आई कामावर, तू शाळेत, मी रात्रपाळी करून आलेलो. धरायला कोणी नव्हतं. ती फडफडली, मला राग आला आणि मी पट्टी जोर लावून आवळली. दोन दिवसांत बोटं थंड पडली, चौथ्या दिवशी गेली. तू शाळेतून यायच्या आत मी बाजारात जाऊन तशीच दुसरी आणली. तू तिला बरी झालेली समजून नाचलीस. मी ते तसंच राहू दिलं. तुला सांगितलेला उपाय माझ्या चुकीतून शिकलेला आहे.

गिरणी बंद पडली त्याच साली तू न सांगता लग्न केलंस. मला वाटलं सगळंच हातातून सुटतंय. तेव्हाही मी आवळलंच.

हल्ली दुपारी अंगणात डोळा लागतो. परवा स्वप्नात तू पाटाच्या पाण्यातून चालत आलीस, काखेत काळी कोंबडी. मी तुला हाक मारणार तोच माडाची झावळी पडली आणि जाग आली.

तीन आठवडे झाले की कामट्या सोड.

अण्णा


मरोळ
ता. ११ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप अण्णांस,
सा. न. वि. वि.

खाली हात देऊन धरली होती. वरचा हात नुसता पाठीवर ठेवला होता, फुलावर ठेवावा तसा.

रविवारी कामट्या सोडल्या. चांदणी आधी उभीच राहिली, पाय पोटाशी घेऊन. मग टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. सुंदराबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. मग ती जास्वंदीपर्यंत चालत गेली. लंगडते. पाय जरासा बाहेर वळलाय, पहिला आठवडा माझ्या काड्यांत गेला ना. पण चालते.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. वाकोल्याच्या कोंबडीपाशी मला रडू आलं. हे एवढंच म्हणाले की कामावरून थकून आलेला माणूस पुन्हा बाजारात गेला, हे मोठंच काम आहे.

अण्णा, मला ती दुसरी कोंबडी अजून आठवते. तिचा तुरा एका बाजूला पडलेला होता. मला वाटायचं, दुखण्यामुळे पडला.

एकदा या. आईला घेऊन या. मी आणखी काही लिहीत नाही.

तुमचीच,
वनमाला


आंबेवाडी
ता. १७ फेब्रुवारी १९८६

चि. शिवदासराव यांस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुमच्या नावाने आहे, तरी वनमाला ते आधी फोडेल हे जाणून लिहितो.

पुढच्या शनिवारच्या एसटीने आम्ही दोघं निघतो. रविवारी सकाळी अंधेरीला हायवेवर उतरू. सोबत तांदूळ, कोकमं आणि तुमच्या सासूबाईंचं एक गाठोडं असेल, त्यात काय आहे ते मला सांगत नाहीत. मी मुंबईत तीस वर्षं काढली, पण तुमचं घर मला माहीत नाही.

उतरवून घ्यायला तुम्ही एकटेच या. वनमालेला घरीच राहू द्या. तिला रस्त्यावर उभी बघितली तर चार लोकांत माझं काही खरं नाही.

आपण एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. मी उंच आहे, डोक्याला पांढरी टोपी असेल. तुम्ही ओळखलं नाहीत तर मी हाक मारीन.

आपला,
अण्णा