नबीलच्या नावाचे गहू

रेगेन्सबर्ग,
मंगळवार

प्रिय मनोरमाताई,

सप्रेम सलाम. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि अख्खी आळी कान देऊन बसलेली. म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतेय. दार लावून वाच. सासूबाई रविवारी सकाळी गेल्या एवढं तुला कळवलं होतं. कशा गेल्या ते सांगायचं धाडस नव्हतं.

आपल्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. त्यामुळे लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच सप्टेंबरात सासूबाईंनी पातेलंभर गहू शिजवायला काढले, तेव्हा मी नाकच मुरडलं होतं. साखर, मनुका, सोललेले बदाम घालून ते गहू त्या त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नेत, तिथले फादर मृतांच्या प्रार्थनेत नबीलचं नाव वाचत, मग सगळे मूठमूठ खात. नबील म्हणजे माझा दीर, इलियासचा धाकटा भाऊ. सीरियात, त्यांच्या होम्समध्ये यादवी पेटली तेव्हा इलियास मोर्च्यांत होता आणि नबील सक्तीच्या भरतीत, सरकारी फौजेत. एका ताटात जेवलेली पोरं दोन बाजूंना गेली. सासरे आपल्या शिंप्याच्या दुकानात बसले होते, तिथे तोफगोळा पडला. तो कुणी डागला हे आजवर कुणाला ठाऊक नाही. इलियासला मात्र पक्कं ठाऊक होतं, नबीलच्याच पलटणीने. पुढे वर्षभरात नबीलही मारला गेला असं त्याने आईला सांगितलं आणि तिला घेऊन जर्मनी गाठली.

सहा वर्षं मी ते गहू शिजवले. सासूबाईंचे हात थरथरायला लागल्यावर बदामही मीच सोलायची. गेल्या सप्टेंबरात गहू शेगडीवर होते, इलियास अंघोळीला गेलेला, आणि त्याचा फोन वाजला. मी उचलला. इथल्याच, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेहून एक माणूस मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगत होता की मी नबील, मला आईशी एकदा बोलू द्या. ताई, बदामाची सालं बोटांना चिकटलेली आणि मी तशीच उभी. गहू खाली लागले तरी कळलं नाही.

इलियासला विचारलं. तो ओरडला नाही, नाकारलंही नाही. बापाला मारणारा मुलगा जिवंत असण्यापेक्षा मेलेला मुलगा आईला सोसवेल, म्हणाला. मग बायबलवर हात ठेवायला लावून माझ्याकडून वचन घेतलं, की आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. दिलं मी वचन. त्या रविवारी दुसरे गहू शिजवून चर्चमध्ये नेले, वाटले, स्वतःही खाल्ले. मी नर्स आहे, जिवंत कोण आणि गेलेलं कोण ते मला वेळेसकट कागदावर नोंदवावं लागतं. तरी खाल्ले. तुला माहितेय मी कशी आहे ती, जिभेने फटकळ, पण घरात भांडण नको म्हणून सगळं गिळणारी. नबीलचा नंबर मात्र मी गुपचूप उतरवून ठेवला होता.

फेब्रुवारीत सासूबाईंना कॅन्सर निघाला. केमो नको म्हणाल्या. त्यांना मरणाची भीती नव्हतीच गं, उलट घाई झाली होती. तिथे वर माझा नबील एकटा आहे, इतकी वर्षं वाट बघतोय, म्हणायच्या. जेवणाचा ट्रे आला की तोंड फिरवायच्या. एकदा न राहवून मी कानाशी लागून सांगितलं की तो जिवंत आहे. त्यांनी माझा हात थोपटला. देवाजवळ सगळेच जिवंत असतात पोरी, म्हणाल्या. जिता मुलगा ट्रेनने चार-पाच तासांवर, आणि ही बाई त्याला भेटायला म्हणून मरत होती.

गुरुवारी मी नबीलला फोन लावला. इलियासला सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी तो हॉस्पिटलात आला. मी मनात कुणी राक्षस रंगवला होता. आला तो टक्कल पडलेला, बुटाची नाडी सुटलेला माणूस, चाल थेट इलियासची. पलंगाजवळ गुडघ्यावर बसला. सासूबाईंनी डोळे उघडले, त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि हसल्या. ताई, त्यांना वाटलं आपण वर पोचलो. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी विचारलं, तुझे बाबा कुठे आहेत?

नेमका तेव्हाच इलियास दारात उभा होता. काम लवकर संपवून आला होता. नबीलची त्याच्याकडे पाठ होती, मी मात्र बघितलं त्याला. त्याने तो प्रश्न ऐकला आणि तसाच वळून निघून गेला. रविवारी आई गेली तेव्हाही तो नव्हता. मित्राकडे राहतोय. मला एकच मेसेज आलाय, की शुक्रवारी दफनाला नबील असेल तर मी येणार नाही, आणि तुझं तोंडही बघायचं नाही. दोन मुलगे असून त्या माउलीच्या पेटीला एकाचाच खांदा लागणार.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. इलियास माझा फोन घेत नाही. तुझा घेईल. नगरला आला होता तेव्हापासून तुला ताई म्हणतो, तुझ्यापुढे आवाज चढवत नाही. शुक्रवारच्या आत त्याला फोन कर. माझी बाजू मांडू नकोस, वचन मोडलं ते मोडलं, त्याची शिक्षा मी भोगेन. त्याला एवढंच सांग की तू फार लवकर वळलास. बाबांचं नाव निघाल्यावर नबीलची वाचा बसली असेल असं त्याला वाटत असणार. तसं झालं नाही. इतकी अरबी आता मलाही कळते. आईचे हात तसेच गालांवर धरून नबील म्हणाला, बाबा इलियासला आणायला गेलेत, तो आल्याशिवाय जेवायला बसायचं नाही म्हणालेत.

तुझीच,
प्रभा